दुखण्याचे नाव

मराठीतला ‘मान’ हा शब्द दोन घरांतून आलेला आहे. शरीराचा अवयव असलेली मान संस्कृतातल्या ‘मन्या’ ह्या शब्दापासून आली, आणि लोकांनी एकमेकांना द्यायचा मान हा संस्कृतातला ‘मान’च आहे. एक स्त्रीलिंगी, दुसरा पुल्लिंगी. व्याकरणाने त्यांना वेगळे ठेवले, पण बोलणाऱ्यांनी ते कधी वेगळे ठेवले नाहीत. मान ताठ असणे, मान खाली घालणे, मान तुकवणे, मान फिरवणे, ह्यांतला एकही प्रयोग केवळ स्नायूंविषयी बोलत नाही. एखाद्याचा पाय अधू झाला तर तो लंगडतो एवढेच लोक म्हणतात. पण मान वळली की त्याने आपल्याला काहीतरी सुनावले असे समोरच्याला वाटते.

माझी मान गेली अनेक वर्षे मला न विचारता डावीकडे वळते. ह्या लेखाचा विषय मात्र माझी मान हा नाही. तिच्यापायी मला एका प्रश्नाचा विचार करावा लागला, आणि तो प्रश्न माझ्या एकटीचा नाही असे वाटल्यावरून हे लिहीत आहे. प्रश्न असा : ज्या दुखण्याला नाव नाही ते खरे की खोटे, हे कोणी ठरवायचे? आणि ते ठरेपर्यंत दुखणाऱ्या माणसाशी इतरांनी कसे वागायचे?

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत असे. २००६ च्या पावसाळ्यात हे सुरू झाले. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. प्रथम फळ्यावर लिहिताना मान कोणी ओढून धरल्यासारखी वाटे. दिवाळीपर्यंत वर्गासमोर उभी राहिले की ती डाव्या खांद्याकडे वळू लागली. जोर लावून समोर आणली की तिला हलका कंप सुटे, आणि पाहणाऱ्याला वाटावे की बाई कशाला तरी ‘नाही, नाही’ म्हणत आहेत. वर्गात माझ्या डाव्या हाताला मुलगे बसत आणि उजव्या हाताला मुली. सहामाहीनंतर मुलींनी मुख्याध्यापकांकडे गाऱ्हाणे नेले, की बाई मुलांनाच प्रश्न विचारतात, आमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. गाऱ्हाणे अगदी खरे होते. मुलींना जे दिसले तेच त्यांनी सांगितले. त्यांना दिसत नव्हते ते इतकेच, की त्यांच्याकडे पाहण्यासाठी मला दोरीने बांधलेले जनावर खुंट्याविरुद्ध ओढ घेते तशी ओढ घ्यावी लागत होती, आणि तास संपेपर्यंत मानेपासून खांद्यापर्यंत आग होई.

उपाय सुरू झाले. उशी बदलली, मग काढून टाकली. तिळाचे तेल, शेक, लेप झाले. वैद्यांनी मन्यास्तंभ म्हटले. शब्द प्राचीन आणि सुंदर, पण स्तंभ म्हणजे ताठरणे, आणि माझी मान ताठरत नव्हती, वळत होती. क्ष-किरणांच्या चित्रात मणक्यांची थोडी झीज दिसली. ती माझ्या वयाच्या पुष्कळ लोकांत दिसते हे मला फार पुढे कळले; तेव्हा मात्र काहीतरी सापडले म्हणून सर्वांनाच बरे वाटले. गळ्यात पट्टा आला, मग मानेला वजन लावणे आले. पट्ट्याच्या आत मान वळायची ती वळतच राहिली. शेवटी पुण्याला जाऊन मोठ्या यंत्रात घालून मानेची आणि मेंदूची चित्रे काढली. त्यांत काहीच नव्हते. ह्या ‘काहीच नाही’चा आनंद घरच्यांना झाला, मला तो करता आला नाही, कारण त्या दिवसापासून लोकांच्या बोलण्याचा सूर बदलला. आतापर्यंत दुखण्याची चौकशी होत होती, आता माझी होऊ लागली. घरात काही ताण आहे का, शाळेत कोणाशी पटत नाही का, झोप लागते का. झोप लागत होती, आणि झोपेत मान सरळ राहत होती. हेही माझ्याविरुद्ध गेले. एका डॉक्टरांनी कागद मिटून माझ्यापुढे सरकवले आणि म्हटले, “बाई, तुम्हाला काही झालेलं नाही. मनातून काढून टाका.”

ह्याच सुमारास मला एक शोध लागला होता. हनुवटीला डाव्या बाजूने तर्जनी नुसती टेकवली की मान समोर येई. जोर लावावा लागत नसे. माशी बसावी इतका स्पर्श पुरे होई. मी वर्गात हनुवटीला बोट लावून शिकवू लागले, आणि बाई हल्ली फार विचारमग्न दिसतात अशी माझी ख्याती झाली. उपयोगी माहिती म्हणून मी हे पुढच्या डॉक्टरांना सांगितले, बोट लावून दाखवलेही. ते हसले. “म्हणजे मनात आणलं की सरळ होते ना?” त्यांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटले.

त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. त्यामागे एक तर्क होता, आणि तो दिसायला निर्दोष आहे. जे स्नायू मान इतक्या जोराने ओढतात की पट्टा त्यांना आवरू शकत नाही, ते एका बोटाच्या स्पर्शाने आवरतात, हे यंत्रशास्त्राच्या नियमाला धरून नाही. बोटाने बळ लावलेले नाही. मग बळ आले कुठून? इच्छेतून. म्हणजे सरळ करण्याची इच्छा झाली तर मान सरळ होते. त्यावरून, ती वाकडी होते तेव्हा ती इच्छा नसते. ह्या तर्काचा पहिला कर्ताही कोणी सामान्य माणूस नव्हता. पॅरिसमधले एदुआर ब्रिसो हे शार्को ह्या प्रसिद्ध मज्जातज्ज्ञाचे शिष्य. त्यांनी १८९० च्या दशकात असेच रुग्ण पाहिले, हाच बोटाचा चमत्कार पाहिला, आणि दुखण्याला ‘मानसिक मानवळ’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे मनोविश्लेषणाच्या भरात मान वळण्याचे अर्थही लावले गेले : रुग्णाला आयुष्यातल्या कशाकडे तरी पाहायचे नाही, म्हणून तो तोंड फिरवतो. आपल्या ‘मान फिरवणे’ ह्या वाक्प्रचाराचे हे शास्त्रीय रूपच म्हणायचे.

हे मत कित्येक दशके टिकले. लंडनचे डेव्हिड मार्सडेन ह्यांनी १९७० च्या दशकात ते हलवले. मान वळणे, लिहिताना हात आखडणे, पापण्या आपोआप घट्ट मिटणे ही दुखणी तोवर वेगवेगळी आणि बरीचशी मानसिक समजली जात. मार्सडेन ह्यांनी ती शेजारी शेजारी ठेवून दाखवली आणि म्हटले, ही एकाच कुळातली आहेत, आणि कूळ मेंदूचे आहे. लहानपणी सुरू होणाऱ्या अशाच एका दुखण्याचे जनुक १९९७ मध्ये सापडले. मेंदूच्या तळाशी बेसल गँग्लिया म्हणून केंद्रांचा समूह आहे. कोणत्या स्नायूने केव्हा ओढायचे आणि केव्हा सोडायचे ह्याच्या हुकुमांत त्याचा मोठा वाटा असतो. त्याच्या आणि मेंदूच्या इतर भागांच्या व्यवहारात बिघाड झाला की ज्या स्नायूंनी सोडायचे तेही ओढत राहतात. बोटाच्या स्पर्शाने मान सरळ करायला बळ मिळत नाही. त्वचेवरून मेंदूला एक वार्ता मिळते, आणि तिच्यामुळे तो बिघडलेला हिशोब क्षणभर जुळतो. काही रुग्णांना तर हात हनुवटीपर्यंत पोचण्याआधीच आराम पडू लागतो. म्हणजे जो पुरावा रुग्णाला खोटे ठरवण्यासाठी वापरला गेला, तीच ह्या दुखण्याची खूण होती. आज जाणता डॉक्टर रोग ओळखण्यासाठी तिचाच शोध घेतो.

मला हे माहीत झाले ते २०१० मध्ये, मुंबईत, शरीराच्या हालचालींच्या विकारांवर काम करणाऱ्या एका तज्ज्ञांकडे. त्यांनी माझे कागद उघडले नाहीत. थोडा वेळ मी कशी बसते, कशी उठते, कशी चालते हे पाहिले आणि विचारले, “कुठे हात लावला की बरं वाटतं? हनुवटीला, गालाला, की डोक्याच्या मागं?” मी अजून काहीच सांगितले नव्हते. त्या प्रश्नानंतर मला काही क्षण बोलता आले नाही. त्यांना ते नवे नसावे; त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि वाट पाहिली. मग त्यांनी नाव सांगितले : सर्व्हायकल डिस्टोनिया.

ह्या नावाकडे जरा नीट पाहिले पाहिजे. ‘सर्व्हायकल’ म्हणजे मानेचा. ‘डिस्टोनिया’ हा शब्द बर्लिनच्या हेरमान ओपेनहाइम ह्यांनी १९११ मध्ये घडवला. त्याचा अर्थ इतकाच, की स्नायूंचा ताण बिघडलेला आहे. त्याहून जुने नाव टॉर्टिकॉलिस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वाकडी मान. माझ्या सासूबाई पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या, “अगं, तुझी मान वाकडी होतेय.” चार वर्षे आणि मोजता न येण्याइतक्या तपासण्या ह्यांच्यानंतर मला तेच वाक्य ग्रीक आणि लॅटिनमध्ये परत मिळाले. मी कारण विचारले. डॉक्टर म्हणाले, मोठेपणी सुरू होणाऱ्या ह्या दुखण्याचे कारण बहुतेकांत सापडत नाही. पूर्ण बरे करणारे औषध आहे का? नाही, आटोक्यात ठेवणारे आहे. म्हणजे नावाने मला कारण दिले नाही आणि बरे होण्याचे वचनही दिले नाही. तरीही त्या संध्याकाळी दादरहून सुटलेल्या एस. टी. त मी गेल्या चार वर्षांत बसले नव्हते इतकी निवांत बसले होते. मान वळलेलीच होती.

हे समाधान कशाचे होते? ज्ञानाचे म्हणावे तर ज्ञान वाढले नव्हते. मला वाटते ते सोबतीचे होते. नाव आहे म्हणजे माझ्या आधी हे कोणाला तरी झाले होते. कोणीतरी त्याच्याजवळ बसून ते लक्षपूर्वक पाहिले होते, लिहून ठेवले होते, आणि तो माणूस खोटे बोलत नाही असे गृहीत धरले होते. रोगाचे नाव ही अनेक अनोळखी माणसांनी माझ्या बाजूने दिलेली साक्ष असते. म्हणूनच ते हवेसे वाटते. आणि म्हणूनच ते इतके हवेसे वाटावे ह्यात काहीतरी चुकते आहे असेही वाटते. कारण साक्षीदार लागतात ते आरोपीला.

पुढच्या एका खेपेला ह्याच दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दुष्काळी भागातल्या खेड्यातून आलेली एक बाई बसली होती. वय पस्तिशीचे असेल. डोक्यावरून पाण्याचे हंडे वाहणारी, आणि मान मागे आणि उजवीकडे ओढली जाऊ लागल्यापासून ते न वाहू शकणारी. तिने आपली हकीकत एखाद्या तिऱ्हाइताची सांगावी तशी सांगितली. पहिल्या वर्षी लोकांना वाटले की तिच्या अंगात येते; आयाबाया तिच्या पाया पडल्या. पण तिला कोणाचे भविष्य सांगता येईना, तेव्हा दुसऱ्या वर्षी लोक तिला सोंगाडी म्हणू लागले. तिसऱ्या वर्षी काम होत नाही म्हणून नवऱ्याने माहेरी धाडली. भावाने उसनवारी करून तिला मुंबईला आणले होते. ती आत जाऊन आली ती धावतच आली. “बाई, ह्येला नाव हाय! म्हंजी मी सोंग करत न्हवते.” मग तिने केसपेपरची पाठकोरी बाजू माझ्यापुढे धरली. “तेवढं नाव मराठीत लिवून द्या. मालकास्नी दावायचंय.” मी मोठ्या अक्षरांत लिहून दिले. तिने ते दोनदा वाचून घेतले, घडी घातली आणि बटव्यात ठेवली. पुढे तिचे काय झाले ते मला माहीत नाही. पण नवरा आणि बायको एका घरात बारा-पंधरा वर्षे राहिल्यावर, आपले दुखते हे त्याला पटवण्यासाठी तिला दोन परकी अक्षरे बटव्यात घालून न्यावी लागतात, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

मी संस्कृत शिकवत असे, म्हणून मला ह्या जागी जुन्या प्रमाणशास्त्राची आठवण होते. एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कशाने कळते? नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे सांगतात. चरकसंहिता रोग जाणण्यासाठी आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान ही तीन साधने सांगते. ह्यांतले शब्दप्रमाण आपण हल्ली ग्रंथांपुरते ठेवले आहे. पण मुळात ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि ती आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त, आणि त्याचे सांगणे हे प्रमाण. आता दुखण्याच्या बाबतीत आप्त कोण? वेदना प्रत्यक्ष आहे ती फक्त ज्याला होते त्याला. डॉक्टरांना ती कधीही प्रत्यक्ष होत नाही. त्यांच्या हाती अनुमान असते आणि रुग्णाचा शब्द असतो. यंत्रात निघालेले चित्र हेही अनुमानाचेच साधन आहे; वेदनेचे छायाचित्र अजून कोणी काढलेले नाही. म्हणजे ‘दुखते’ ह्या विधानापुरता रुग्ण आप्त आहे, मग तो निरक्षर असला तरी. ‘का दुखते’ ह्या विधानापुरते डॉक्टर आप्त आहेत, मग रुग्ण कितीही शिकलेला असला तरी. तंटा होतो तो एकाने दुसऱ्याच्या बांधावर नांगर घातला की. आपल्या रोगाचे कारण आणि औषध आधीच ठरवून येणारा रुग्ण डॉक्टरांच्या शेतात शिरतो, आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ म्हणणारा डॉक्टर रुग्णाच्या.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी शिक्षिका म्हणून स्वतःच घेऊ शकते. परीक्षेच्या दिवशी पोट दुखणारी मुले मी तीस वर्षे पाहिली. माणसे दुखण्याचे ढोंग करतात, हे खरे आहे. मग प्रत्येकाच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? पण दोन चुकांची किंमत सारखी नसते. ढोंग करणाऱ्या मुलावर विश्वास ठेवला तर एक पेपर बुडतो. खरोखर दुखणाऱ्यावर ठेवला नाही, तर त्या मुलाला दुखण्याबरोबर आणखी एक गोष्ट सोसावी लागते, आणि ती दुखण्याहून जास्त काळ टिकते. शिवाय, दुखते ह्यावर विश्वास ठेवणे म्हणजे मागेल ते औषध देणे असे मुळीच नाही. माझ्यावर विश्वास नसतानाच मला पट्टा बांधला गेला, वजने लावली गेली, झोपेच्या गोळ्या दिल्या गेल्या. विश्वास ठेवला असता तर कदाचित ह्यांतले काहीच दिले गेले नसते; फक्त पुढे कोणाकडे जावे ते सांगितले गेले असते.

डॉक्टरांची बाजूही सांगितली पाहिजे. हे दुखणे लाखांत मोजक्याच माणसांना होते. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसमोर ते उभ्या आयुष्यात एकदा येईल किंवा येणारही नाही. बाहेर साठ-सत्तर माणसे बसलेली आहेत. त्यांतल्या बहुतेकांची मान साध्या कारणाने दुखते आहे, आणि साधे कारण आधी पाहावे हा धडा योग्यच आहे. दुर्मिळ रोग ओळखता आला नाही म्हणून त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. मी देत नाही. माझे म्हणणे दोन वाक्यांपुरते आहे. ‘मला काही सापडले नाही’ हे एक वाक्य, आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे दुसरे. पहिले डॉक्टरांच्या ज्ञानाविषयी आहे आणि ते खरे आहे. दुसरे रुग्णाच्या शरीराविषयी आहे, आणि त्याला आधार पहिल्याहून अधिक नाही. पहिल्याने रुग्णाला पुढची वाट मोकळी राहते. दुसऱ्याने ती बंद होते, कारण झालेच नाही त्याच्यासाठी कोण कुठे जाणार? मग पहिले वाक्य उच्चारायला इतके जड का जाते? मला वाटते, आपणच ते जड केले आहे. ‘ठाऊक नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना आपण अडाणी म्हणतो आणि खोटे नाव देणाऱ्यांना हुशार. चरकसंहितेत वैद्याला स्पष्ट सांगितले आहे, की रोगाचे नाव सांगता आले नाही तर लाज बाळगू नये, कारण सगळ्याच रोगांना ठरलेले नाव असते असे नाही. ज्यांनी शेकडो रोगांना नावे दिली, त्यांनी हे लिहून ठेवले. नावाचा मोह वैद्याला होतो आणि रुग्णालाही, हे त्यांनी ओळखले असले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. माझे दुखणे मेंदूतले निघाले, ‘मनातले’ निघाले नाही, म्हणून माझी सुटका झाली असे माझ्या मैत्रिणी म्हणाल्या. त्यांचा हेतू प्रेमाचा होता, पण हे म्हणणे मला मान्य करता येत नाही. समजा, ते मनातले निघाले असते. मग मानेतली आग कमी झाली असती का? मुलींकडे पाहण्यासाठी घ्यावी लागणारी ओढ हलकी झाली असती का? मनाचे दुखणे म्हणजे मनात आणले म्हणून झालेले आणि मनात आणले की जाणारे, असे मानणाऱ्याने मन कधी पाहिलेले नाही. आपले दुखणे शरीराचे आहे एवढ्याने खरे ठरवून घेणे म्हणजे शेजारच्या बाकावरच्या माणसाला खोटे ठरवून घेणे होय. विश्वास द्यायचा तो दुखण्याची जात विचारून देऊ नये.

माझ्यावर जो उपचार होतो त्याची हकीकत ह्याच मुद्द्याशी येऊन मिळते. दर तीन महिन्यांनी मानेच्या ठरावीक स्नायूंत बोट्युलिनम नावाचे विष अत्यल्प प्रमाणात टोचतात. आठवड्या-दोन आठवड्यांत ते स्नायू सैल पडतात; बारा आठवड्यांच्या सुमारास गुण ओसरतो आणि मान पुन्हा आपल्या वाटेने जाऊ लागते. हेच विष बिघडलेल्या मांसातून पोटात गेले तर माणूस मरू शकतो. जर्मनीतल्या व्युर्टेम्बेर्ग प्रांतात दोनशे वर्षांपूर्वी सॉसेज खाऊन माणसे मरत होती. युस्टिनुस केर्नर नावाचे एक डॉक्टर, जे कवीही होते, त्यांनी १८२२ च्या आपल्या ग्रंथात अशा दीडशेहून अधिक रुग्णांच्या हकीकती नोंदवल्या : तोंड कोरडे पडते, एकाचे दोन दिसतात, पापणी उचलत नाही, घास गिळवत नाही, आणि शुद्ध मात्र शेवटपर्यंत राहते. हे विष कशाचे आहे हे त्यांना कळले नाही. ते सूक्ष्म जंतू बनवतात हे १८९० च्या दशकात, बेल्जियममधल्या एका विषबाधेनंतर, व्हान एर्मेंगेम ह्यांनी शोधले. पण केर्नर ह्यांनी ते थोडेसे स्वतः चाखून पाहिले, आणि लिहून ठेवले की ज्या दुखण्यांत मज्जा अतिरेकाने काम करते तिथे हे कधीतरी औषध होऊ शकेल. डोळ्यांच्या तिरळेपणावर सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट ह्यांनी ते वापरून दाखवले. अमेरिकेत १९८९ मध्ये डोळ्यांच्या विकारांसाठी आणि २००० मध्ये वळणाऱ्या मानेसाठी त्याला मान्यता मिळाली. ज्यांना गुण येत नाही अशा काहींच्या मेंदूत आता बारीक तारा बसवून विजेचे स्पंदनही देतात. ह्या सगळ्या साखळीची पहिली कडी कोणती? कारण ठाऊक नसताना दीडशे माणसांच्या हकीकती उतरवून घेणारा एक डॉक्टर. तो त्यांना औषध देऊ शकला नाही. त्याने त्यांचे ऐकले, आणि आज माझी मान वर्षातून पुष्कळ दिवस समोर राहते ती त्या ऐकण्याच्या जोरावर.

औषध महाग आहे. मला पगार होता, आता निवृत्तिवेतन आहे. सुईसाठी पैसे बाजूला टाकता येतात आणि मुंबईची फेरी करता येते. बटव्यात कागद नेणाऱ्या त्या बाईला हे किती वेळा साधले असेल, ह्याचा मी विचार करते तेव्हा उत्तर सुखाचे येत नाही. तज्ज्ञ मोठ्या शहरांत असतात, आणि तिथवर पोचण्यासाठी पैसा लागतो हे सगळे जाणतात. पण पैशाच्याही आधी आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे, ‘हिला काहीतरी होते आहे, हिला घेऊन गेले पाहिजे’ असे म्हणणारे घरातले एक माणूस. तिला भाऊ होता. ज्यांना तेवढेही कोणी नाही, त्या बाकापर्यंत येतच नाहीत, आणि आपल्या मोजणीतही येत नाहीत.

म्हणून विश्वासाला मी निदानाच्या नंतरची नव्हे, आधीची पायरी म्हणते. नाव सापडायला चार वर्षे लागोत की चाळीस. शास्त्राला वेळ लागतो, आणि तो त्याला दिला पाहिजे. पण ‘दुखते’ असे कोणी म्हटल्यावर ‘असेल, सांग कसे दुखते ते’ एवढे म्हणायला ना यंत्र लागते ना पदवी. ते नवऱ्याला म्हणता येते, मुख्याध्यापकांना म्हणता येते, परीक्षेच्या सकाळी शिक्षिकेलाही म्हणता येते. मुलींच्या तक्रारीनंतर मी त्यांना माझी मान दाखवली आणि काय होते ते सांगितले. त्या वर्गाने कोणाला न विचारता एक व्यवस्था केली : एक आठवडा मुली डाव्या बाजूला बसत, एक आठवडा मुलगे. रोगाचे नाव त्यांना माहीत नव्हते. तेव्हा ते मलाही माहीत नव्हते.